चाक काय सांगतंय?

आज आपण जुन्या गाडीच्या चाकांतून येणाऱ्या आवाजांबद्दल बोलणार आहोत. "गाडीतलं आम्हाला काय कळतंय" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. जात्यातले दाणे संपत आले की घरघर बदलते आणि आपला हात न बघता वैरण घालायला जातो. शिवणयंत्र कोरडं पडलं की त्याची खटखट वाढते, आपण तेलाची कुपी शोधतो. बैलगाडी कुरकुरायला लागली की वंगण संपलं, हे आपल्या आज्याही सांगायच्या. म्हणजे कान आपले तयार आहेत. गाडीचे चार आवाज ओळखायचे तेवढे बाकी आहेत.

हे आम्ही शिकलो ते ठेच लागल्यावर. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या गटाने एक जुनी व्हॅन घेतली. दोन हातांतून फिरून आलेली. आठवड्याच्या बाजाराला भाजी न्यायची, पापड-शेवयांची खोकी तालुक्याला पोहोचवायची आणि रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं, एवढ्यासाठी. गाडी आमच्यातलीच एक सून चालवते. तिने रीतसर शिकून लायसन्स काढलं आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडीच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या आणि पोळ्याच्या सुमारास डाव्या बाजूने घूं-घूं असा आवाज यायला लागला. सुनेने दोन-तीनदा सांगितलं. आम्ही म्हणालो, "अगं, जुनी गाडी आहे, आवाज करणारच," आणि गाण्याचा आवाज वाढवला.

मग एका गॅरेजात दाखवली. तिथे कुणी गाडीत बसून आवाज ऐकला नाही. टायर खराब झालेत म्हणाले, आम्ही दोन टायर बदलून घेतले. गटाच्या खात्यातून पैसे गेले, आवाज तसाच राहिला. आणि महिन्याभराने एका रात्री, कळा सुरू झालेल्या एका लेकीला घेऊन निघालो असताना, घूं-घूंची खरखर झाली. जळका वास सुटला. फाट्याजवळ गाडी थांबवली तर डाव्या पुढच्या चाकाला हात जवळ नेता येईना, इतकं तापलेलं. 108 ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंतचा तो वेळ आमच्यापैकी कुणीही विसरलेली नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून आज हे मोकळेपणी सांगता येतंय.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मेस्त्रींनी चाक खोललं. आतलं बेअरिंग पार उडालं होतं आणि ते ज्यावर बसतं तो हबही खराब झाला होता. पोळ्याला बेअरिंग बदललं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं. मेस्त्री म्हणाले, "ताई, गाडी दोन महिने सांगत होती की." तेव्हापासून आम्ही चाकाचं ऐकायला शिकलो.

आधी चार प्रश्न

आवाज आला की लगेच कुठला भाग गेला हे ठरवायला जाऊ नका. आधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, आवाज कधी येतो? सतत, ब्रेक दाबल्यावर, वळताना, की खड्ड्यातून जाताना?

दुसरा, वेगाबरोबर तो बदलतो का? गाडी जोरात तसा आवाज जोरात आणि भरभर, असं आहे का?

तिसरा, कुठून येतो? पुढून की मागून, डावीकडून की उजवीकडून? चालवणारीला हे नीट कळत नाही. शेजारी आणि मागे एकेक जण बसवा. गाणी बंद करा, काचा खाली करा. एखाद्या भिंतीच्या कडेने सावकाश गेलं तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि चांगला ऐकू येतो.

चौथा, कधीपासून येतो? टायर बदलल्यापासून, मोठ्या खड्ड्यात आदळल्यापासून, की पाण्यातून गेल्यापासून?

आता हा आवाज चाकाचा की इंजिनाचा, हे ओळखण्याची सोपी खूण. गाडी उभी करून, गियर न्यूट्रलला ठेवून अॅक्सिलरेटर दाबा. उभ्या गाडीत तोच आवाज आला तर चाकाचा त्यात संबंध नाही, कारण चाक फिरतच नाही. उभ्या गाडीत आवाज नाही, चालत्या गाडीत आहे आणि वेगाबरोबर वाढतो, तर चाकाकडे बघायचं. लहान गाडीचं चाक एका किलोमीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे फेरे घेते. चाकातला बिघाड बहुतेक वेळा या फेऱ्यांच्या तालावर बोलतो.

रेडिओवर आम्ही हे आवाज तोंडाने काढून दाखवले, तेव्हा स्टुडिओत सगळ्यांना हसू फुटलं होतं. छापताना अक्षरांवर भागवतो.

घूं-घूं: टायर की बेअरिंग?

आमची फसगत झाली ती इथेच. दोन्हींचा आवाज सारखा वाटतो. वेग वाढला की घूं-घूं वाढते.

बेअरिंग म्हणजे काय ते आधी पाहू. दोन लोखंडी कड्या, एकात एक. त्यांच्या मध्ये गुळगुळीत गोळ्या किंवा रूळ आणि त्यांना ग्रीस. चाक यावर फिरतं आणि गाडीचं वजनही यावरच असतं. पाणी किंवा चिखल आत शिरला, ग्रीस गेलं, किंवा मोठ्या खड्ड्याचा दणका बसला, की कडीच्या गुळगुळीत पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. त्यावरून गोळ्या फिरल्या की घूं-घूं सुरू होते. टाकी लावलेल्या जात्यासारखा तो पृष्ठभाग खरबरीत होतो. जात्याला ते हवं असतं, बेअरिंगला चालत नाही.

टायर एकसारखा न झिजता पायऱ्या-पायऱ्यांनी झिजला तरी तो गुणगुणतो. मग ओळखायचं कसं?

रस्ता बदलून बघा. डांबरी खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला किंवा कमी झाला, तर टायरचा संशय घ्या. रस्ता कुठलाही असो, आवाज तसाच राहिला तर बेअरिंगचा.

दुसरी खूण वळणाची. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर पडतं. उजव्या वळणावर घूं-घूं वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली, तर बहुधा डावीकडचं बेअरिंग. उलट असेल तर उजवीकडचं. यासाठी रस्त्यावर गाडी मुद्दाम नागमोडी पळवू नका. रोजच्या रस्त्यावरच्या लांब वळणांवर कान दिला तरी कळतं.

तिसरी खूण हाताची. पुढचे-मागचे टायर हाताने चाचपा. तळहात टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर वाकडा झिजतोय. अशा वेळी नुसता टायर बदलून भागत नाही. अलाइनमेंट तपासून घ्या, नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल.

जॅकवर चाक हलवून बघणं

पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं झालंय का हे घरीही कळतं. पण नियम पाळायचे. जमीन सपाट आणि टणक हवी, शेतातली भुसभुशीत नको. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. गियर न्यूट्रलला. जॅक गाडीला नेमून दिलेल्या जागीच लावा. पोरांना लांब ठेवा. आणि जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही, एका क्षणासाठीसुद्धा.

चाक जमिनीपासून दोन बोटं उचललं की ते घड्याळासारखं धरा. एक हात बाराच्या जागी, दुसरा सहाच्या. एकदा वरून ओढा, खालून ढकला, मग उलट. चाक घट्ट असायला हवं. खुळखुळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. आता आत बसलेल्या मैत्रिणीला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खुळखुळणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट, असा अंदाज बांधता येतो. मग हात तीन आणि नऊच्या जागी ठेवून हलवा. फक्त असंच हललं, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे बोट जातं.

शेवटी ब्रेक सोडून चाक हाताने फिरवा. आतून वाळू दळल्यासारखी खरखर आली, तर बेअरिंग बदलायची वेळ झाली. मागच्या चाकाची ही तपासणी गॅरेजमध्येच करा. ते फिरवायला हँडब्रेक सोडावा लागतो आणि गाडी घसरायचा धोका असतो.

ब्रेक दाबल्यावरचा आवाज

ब्रेक दाबला की चीं-चीं असा बारीक, टोचणारा आवाज येतो. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला लोखंडी पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, आपल्याला जागं करायला. हा आवाज आला की त्याच आठवड्यात पॅड बघून घ्या.

चीं-चींची खर्र-खर्र झाली, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. ब्रेक कमी लागतो आणि डिस्कही खराब होते. अशी गाडी पुढे नेऊ नका, मेस्त्रींना जागेवर बोलवा. पॅड किंवा ब्रेक शू बदलताना एका बाजूचे बदलू नका, डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. आणि चाक खोलल्यावर आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ती छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा.

मात्र रात्री पाऊस पडून गेला आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर झाली, नंतर थांबली, तर घाबरू नका. डिस्कवर चढलेला गंज ब्रेकने पुसला जातो, एवढंच.

ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखं किर्र-किर्र होतंय? खडीच्या रस्त्यावर बारीक खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकतो. आमच्या गाडीत दोनदा अडकला होता. आवाज मोठा, काम छोटं. तरी खडा स्वतःहून पडेल म्हणून दिवस काढू नका, डिस्कवर चरा पडतो.

वळताना कट-कट

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश पुढे घेताना कट-कट-कट असा ठोका येतो आणि सरळ चालताना थांबतो. ज्या गाड्यांची पुढची चाकं इंजिनाच्या जोराने फिरतात, त्यांत हा बहुतेक वेळा एक्सलच्या जॉइंटचा आवाज असतो. त्या जॉइंटवर रबराची चुण्याचुण्यांची टोपी असते. ती फाटली की ग्रीस बाहेर उडतं आणि माती आत जाते. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर आवाज सुरू व्हायच्या आधीच टोपी बदलून घ्या. टोपी स्वस्त, जॉइंट महाग.

ज्या जीपगाड्यांची आणि व्हॅनची मागची चाकं जोर लावतात, त्यांत गाडी सुटताना किंवा रिव्हर्सला टाकताना खालून 'टण्ण' असा दणका येतो. तिथे इंजिनापासून मागे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस बघायला सांगा.

खड्ड्यातली खडखड

खड्ड्यातच आवाज येतो आणि सपाट रस्त्यावर गाडी गप्प असते, तेव्हा चाकाच्या वरचे-बाजूचे रबरी बुश, लिंक किंवा शॉकअब्जॉर्बर बघायचे. गाडीचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. पाळण्यासारखी हलत राहिली, तर शॉकअब्जॉर्बर गेला. मागे पाटे असलेल्या गाड्यांत वाकून बघा, एखादा पाटा तुटलेला दिसतो.

टक्-टक्: आधी नट बघा

वेगाच्या तालावर टक्-टक् येत असेल, तर लगेच बाजूला थांबा. कारण साधंही असू शकतं आणि जिवावरचंही.

साधं म्हणजे टायरच्या खाचेत अडकलेला खडा. तो काडीने निघतो. खिळा दिसला तर मात्र उपसू नका, हवा तिथेच जाईल. हवा आधीच कमी झाली असेल तर स्टेपनी लावा, नाहीतर सावकाश पंक्चरवाल्याकडे न्या. कधी चाकाच्या टोपीत खडा शिरून खुळखुळतो.

जिवावरचं म्हणजे ढिले झालेले नट. चाक नुकतंच काढून बसवलं असेल आणि नंतर टक्-टक् किंवा गाडी लचकल्यासारखी वाटत असेल, तर एक पाऊल पुढे जाऊ नका. पाना लावून सगळे नट तपासा. आवळताना ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळा, आपण कुर्डईच्या सोऱ्याचे स्क्रू दोन्ही बाजूंनी सारखे घट्ट करतो तसे. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायचे, हा नियम आमच्या गाडीत आता लिहून लावला आहे.

धप्-धप् असा मऊ आवाज आणि स्टिअरिंगला थरथर असेल, तर टायरच्या दोन्ही कडांना हात फिरवून फुगा शोधा. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर कधीही फुटू शकतो, लगेच बदला. टायरची खाच 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर गाडीचा टायर कायद्यानेही बाद होतो. टायरचं वयही बघा. त्याच्या कडेला चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी किंवा जुने टायर घेताना हे आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेस्त्रींशी बोलताना

"गाडी आवाज करतेय, बघा जरा," एवढंच सांगितलं की अंदाजाने भाग बदलले जातात. असं सांगा: "दादा, चाळीसच्या पुढे डावीकडून पुढून घूं-घूं येते. उजव्या वळणावर वाढते. काँक्रीटवरही तशीच राहते. पाण्यातून गेल्यापासून सुरू झालीय." मग म्हणा, "एक चक्कर मारून ऐका आणि मगच खोला."

काम झाल्यावर काढलेला जुना भाग परत मागा आणि बघा. बेअरिंग बदलणार असतील तर ते प्रेसवर बसवणार का, हे विचारा. हातोड्याने ठोकून बसवलं तर नवं बेअरिंगही लवकर आवाज करायला लागतं. बिल घ्या. गटाच्या वहीत तारीख, किलोमीटर, कुठलं चाक, काय बदललं, हे चार रकाने लिहा. मेस्त्री चांगला असेल तर या प्रश्नांनी रागावत नाही. आमचे तर खूश होतात, त्यांचंही काम सोपं होतं.

कधी थांबायचंच

शेवटी एवढं पाठ करा. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्याचा आवाज, नट ढिले, टायरला फुगा, चाक हाताने खुळखुळतंय, किंवा एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलंय आणि जळका वास येतोय, यांतलं एकही असेल तर गाडी पुढे न्यायची नाही. बाजार बुडाला तरी चालेल. चाक तापलंय का हे बघायला हात लावू नका, उलटा हात नुसता जवळ न्या. पेशंट गाडीत असेल तर वाट न बघता 108 ला फोन करा. चाक जरा थंड होईल मग निघू, असा विचार करू नका.

आमच्या गटात आता दर सोमवारी सकाळी गाडी निघण्याआधी दोघी जणी चारी चाकांभोवती फेरी मारतात. हवा, नट, टायरच्या कडा, चाकाच्या आतलं ग्रीस. दहा मिनिटं लागतात. आणि गावाबाहेर पडल्यावर पहिले पाच मिनिटं गाणी बंद. त्या पाच मिनिटांत कुणी बोलत नाही, सगळ्या ऐकतात. परवा आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या आत्याबाई, ज्यांनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, त्या म्हणाल्या, "सूनबाई, थांब गं. उजवं मागचं बोलतंय." उतरून बघितलं तर एक नट हाताने फिरत होता.

ती रात्रीची लेक आता तिच्या मुलीला घेऊन त्याच गाडीतून लसीकरणाला जाते. तुमच्याही गटात गाडी असेल, घरात असेल, तर या आठवड्यात एकदा काचा खाली करून ऐका. काय ऐकू आलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.